एल्डनच्या मेणाच्या पेटीचा वारस

एल्डनची मेणाची पेटी आता कोणी सांभाळायची, हा विषय त्याच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना निघाला. ओरिनने हातातला कप खाली ठेवण्याआधीच "मी" म्हणून टाकलं. (तेवढा एक शब्द कॉफीबरोबर गिळला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.)

बावीस वर्षं एल्डन, ओरिन, गॉर्डी आणि टोइवो हे चौघे मित्र दर फेब्रुवारीत गोठलेल्या सरोवरावरून स्की करत पलीकडच्या झाडीत जात, दोन रात्री कापडी तंबूत पत्र्याच्या शेगडीपाशी कुडकुडत आणि घरी येऊन मजा आली म्हणून सांगत. स्कीच्या तळाला मेण लावायचं काम एल्डनचं. थंडी कडक असली की हिरवं, जरा कमी असली की निळं, बर्फ ओलसर असला की लाल. बर्फ वितळून पुन्हा गोठला असेल, तर नळीतलं, काकवीसारखं चिकट. मेण चुकलं की माणूस एक तर मागे घसरतो, नाही तर जागचा हलत नाही. हल्ली मेण न लागणाऱ्या स्की सर्रास मिळतात, पण त्या वापरणाऱ्याकडे हे लोक लग्नाच्या जेवणाला घरून डबा आणणाऱ्याकडे बघावं तसे बघतात.

ओरिनचा हक्क एकाच गोष्टीवर उभा होता. एल्डन दर वर्षी हातमोजा काढून चिमूटभर बर्फ चुरडायचा आणि कोणतं मेण लावायचं ते विचारायचा ओरिनला. बाकी दोघांना त्याने कधी विचारलं नाही. विमा कचेरीत ज्याला तीस वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं, त्याला आणखी काय हवं होतं?

यंदा मात्र सगळ्यांचं मन उडालं होतं. गॉर्डीने गाडीतच सांगून टाकलं, "हे शेवटचं. एल्डनच नाही तर कशाला यायचं? परत गेलो की तंबू विकून टाकू." टोइवोलाही ते पटलं होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी ॲरिझोनात होती. हे तीन दिवस सोडले, तर वर्षभरात त्याला नावाने हाक मारणारा फक्त दातांचा डॉक्टर. सहल झकास झाली तरच तंबू वाचणार होता.

सरोवराच्या काठावर ओरिनने अगदी एल्डनसारखा हातमोजा काढला, बर्फ चुरडला (बोटं बधिर झाल्यामुळे कळलं काहीच नाही) आणि नळी उचलली.

"ओरिन, रात्री नवा बर्फ पडलाय," टोइवो म्हणाला.

"मी बावीस वर्षं सल्ला देतोय," ओरिन म्हणाला आणि सहाही स्कींना त्याने ते चिकट प्रकरण सढळ हाताने चोपडलं.

पन्नास पावलांत बर्फ तळाला चिकटू लागला. शंभर पावलांत तिघेही वीतभर उंच झाले. घसरणं राहिलं बाजूला, तिघे म्हातारे खडावा घातल्यासारखे खटाक खटाक चालत होते. खरवडलं की पुन्हा तेवढाच बर्फ. मध्येच ओरिन सपशेल आडवा झाला आणि कोणी हसतंय का याची वाट बघत पडून राहिला. कोणी हसलं नाही. एल्डन असता तर पोट धरून हसला असता. त्या आठवणीने ओरिनला उठवेना.

तासाभराच्या वाटेला चार तास लागले. संध्याकाळी शेगडीच्या उबेला बसून तिघे स्की खरवडत होते. तेवढ्यात गॉर्डीला पेटीच्या तळाशी एक वही सापडली. अक्षर एल्डनचं होतं. गॉर्डी मोठ्याने वाचू लागला.

"'ओरिनला विचारलं. लाल म्हणाला. हिरवं लावलं. वाईट नाही.'" पान उलटलं. "'ओरिन म्हणाला हिरवं. लाल लावलं. वाईट नाही.'"

(त्या मुलखात 'वाईट नाही'च्या वर शाबासकी नाही.) एकवीस वर्षं हेच. शेवटच्या पानावर अक्षर हललं होतं. "'आता बोटांना बर्फ कळत नाही. पण ओरिन आहे तोवर चिंता नाही.'"

मग दफनानंतर पहिल्यांदाच टोइवो हसला, त्याच्यामागून गॉर्डी. ओरिनही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने शेगडीच्या धुरावर ढकललं.

सकाळी गॉर्डी पेटी उघडून ओरिनसमोर उभा राहिला. "बोल, आज काय लावायचं?"

ओरिनने बर्फ चुरडला. मनात आलं, हिरवं. पण आता तोही शहाणा झाला होता. मनात येईल त्याच्या उलट सांगायचं त्याने ठरवलंच होतं. तो म्हणाला, "लाल."

गॉर्डीने मुकाट्याने हिरवं काढलं. स्की अशा धावल्या की टोइवो न विचारता "वाईट नाही" म्हणाला. सरोवराच्या मध्यावर गॉर्डी थांबला. "तंबू राहू दे. पुढच्या वर्षी येऊ. पण ओरिन, तू तब्येत सांभाळ बाबा, तू लागशील."

ओरिनने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अंदाज बरोबर आला होता, आणि तंबू वाचवायचा तर ते मरेपर्यंत कोणाला सांगायची सोय नव्हती.