एक सीट कमी

आमच्या शेजारच्या मास्तरांच्या घरून उठून निघालात, की पाठीमागे दोनदा घंटा वाजते. ठण् ठण्. नवखा माणूस दचकून पायरी चुकतो. आम्ही सरावलेले लोक निमूट चालू पडतो. दोन ठोके म्हणजे गाडी सोडली. आता मध्येच वळून "अरे हां, एक सांगायचं राहिलं" म्हणायची सोय नाही. मी एकदा विसरलेली छत्री घ्यायला परत गेलो, तर मास्तर पडवीतूनच म्हणाले, "गाडी सुटली. आता फुडल्या फेरीक येवा." छत्री मला संध्याकाळी मिळाली. तोवर मी बाजारातून ओलाचिंब होऊन परतलो होतो.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. लाल गाडीचे कंडक्टर. आमच्या वेंगुर्ल्यात कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. त्यांचा सगळा जन्म गाडीच्या दाराशी उभं राहण्यात गेला. निवृत्त होताना इतर लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. यांनी भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटा दोरीसकट मागून आणली आणि पडवीच्या वाशाला बांधली. एक ठोका म्हणजे चहा. आतून माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, टोपावर झाकण आपटून उत्तर द्यायच्या. झाकण एकदा वाजलं तर चहा येतोय, दोनदा वाजलं तर स्वतः उठून करून घ्या. बहुतेक वेळा ते दोनदाच वाजायचं.

लग्नाच्या पंगतीत मास्तर वाढप्यांच्या मागे उभे राहून "फुडे सरा, फुडे जागा आसा" म्हणत. हातात तिकिटाचा चिमटा राहिला नव्हता, म्हणून अडकित्ता असे. त्याने ते रस्त्याने जाताना प्रत्येक फाटकावर टकटक करत जात. आमच्या नव्या रंगवलेल्या फाटकाचा रंग त्या टकटकीने उडाला, तेव्हा मी तक्रार घेऊन गेलो. मास्तरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मी निघताना घंटा मारली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण त्यांचं खरं वेड म्हणजे वर्षातून एकदा निघणारी डोंगराची सहल.

भात घरात आलं आणि काजूचा हंगाम अजून लांब असला, की थंडीतल्या एका रविवारी मास्तर सगळ्या आळीला मिनीबसमध्ये भरत. राजापूरच्या बाजूला, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, एक उन्हाळं आहे. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण तिथे गाडीरस्ता पोचत नाही. डोंगराच्या अलीकडे गाडी सोडायची, खिंडीपर्यंत चढायचं, पलीकडे उतरायचं आणि दगडी कुंडात अंग शेकून त्याच वाटेने परत यायचं. मी ओरोसच्या सरकारी कचेरीत बसून काम करणारा माणूस. रविवारी बांगड्याचं तिखलं जेवून आडवं व्हावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण मास्तर पहाटे फाटकाशी येऊन अडकित्ता वाजवू लागले, की रंग वाचवण्यासाठी का होईना, मी बाहेर पडत असे.

निघण्यापूर्वी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, होई. मास्तर गाडीच्या पायरीवर उभे राहून हात जोडत आणि खड्या आवाजात सुरू करत.

"बा देवा वेतोबा! आज ही तुझी लेकरां डोंगरार जातत, तेंचे पाय नि घोटे सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडत असू.

"काटो टोचतलो तर तो बाबल्याक टोचांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज आमचा. बाबल्या हा आमच्या आळीतला मच्छीमार, वादळात होडी घालायला न भिणारा आणि चढावर चार पावलांत धापा टाकणारा.

"आणि जा कोण मागे रवला आसा, तेका फुडच्या गाडयेन हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मागे राहिलेल्याला पुढच्या गाडीने आण, हे शेवटचं मागणं दर वर्षी असे. आम्हाला वाटे, उशिरा उठणाऱ्यांसाठी आहे.

मास्तरांच्या डोंगरावर थांबे होते. खरोखरचे थांबे! वाटेच्या कडेला त्यांनी ठरावीक अंतरावर एकेक जांभ्याचा चिरा बसवून त्याला चुना फासला होता. काजू स्टॉप, वारूळ स्टॉप, मोठी धोंड, धाकटी धोंड. प्रत्येक चिऱ्यापाशी मास्तर खांद्याच्या पिशवीतून, पडवीच्या वाशाची सोडून आणलेली घंटा काढून एक ठोका देत, की सगळ्यांनी थांबायचं आणि आळीपाळीने चिऱ्यावर बसायचं. पुरेशी विश्रांती झाली असं मास्तरांना वाटलं की दोन ठोके. थांबे इतके जवळ होते की धाप लागायच्या आतच पुढचा येई.

"मास्तरांनू," बाबल्यासुद्धा कुरकुरे, "हय दम लागूक लागलो नाय तर ठेसन इला!"

"ऑर्डिनरी गाडी आसा," मास्तर म्हणत. "सगळ्या थांब्यांर थांबतली."

आणि दोन थांब्यांच्या मध्ये कुणी टेकायला बघितलं, की ओरडत, "विनंती थांबो नाय! विनंती थांबो बंद आसा!" सगळ्या नोकरीत त्यांनी कुणाच्याही विनंतीवर गाडी थांबवली नव्हती, याचा त्यांना केवढा अभिमान. एकदा सख्खा मेहुणा रस्त्यात हात करून उभा होता, तोही तसाच धुळीत राहिला. तो पुढे दोन गणपतींना घरी आला नाही.

परतीला गाडीत मोजणी होई. मास्तर अडकित्त्याने एकेक डोकं मोजत मागपर्यंत जात, पुढे येत आणि दाराशी थांबून म्हणत, "एक सीट कमी." पुन्हा मोजत. "एक कमीच आसा." दाराजवळच्या पहिल्या सीटवर त्यांचा रुमाल पसरलेला असे. तिथे कुणालाच बसू देत नसत, त्यामुळे पिशव्या मात्र आमच्या मांडीवर येत. बाबल्या मागून ओरडे, "मास्तरांनू, तुमी सोताक मोजूक इसारलात!" गाडीभर हशा पिकत असे. मास्तर घंटा मारत आणि गाडी निघे. मीही हसत होतो. कंडक्टर म्हातारा झाला, हिशेब चुकायला लागला, असं मी बायकोला सांगितलेलं आठवतं.

माई या सहलीला कधीच नसत. मास्तर निवृत्त झाले त्याच पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, चाला. पण माईंच्या मनाने धास्ती घेतली. पूर्वी जत्रेला पायी जाणारी, वाटेत भेटेल त्याची खबर घेणारी बाई उंबरठ्याच्या आत बसली. "माका हयच बरा आसा," एवढंच म्हणायच्या. झाकण मात्र वाजत राहिलं.

मग एका वर्षी गणपती झाल्यावर मला खिडकीतून एक वेगळाच खेळ दिसू लागला. मास्तरांनी पडवीतली खुर्ची अंगणात तुळशीपाशी आणून ठेवली. माई भिंत सोडून, काठी टेकत, तिच्यापर्यंत चालत आल्या. मास्तरांनी एक ठोका दिला. माई बसल्या. थोड्या वेळाने दोन ठोके, माई परत. पुढच्या आठवड्यात खुर्ची विहिरीशी गेली, मग आंब्याखाली, दिवाळीनंतर थेट फाटकापाशी. मी बायकोला म्हटलं, "संपलं! मास्तरांनी आता अंगणात गाडी सुरू केली." ती म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही." हे ती तशी नेहमीच म्हणते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी सहलीच्या पहाटे मास्तर फाटक वाजवायला आले नाहीत. बाहेर येऊन बघतो तर मिनीबस उभी आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर, रुमालावर, माई बसलेल्या. नऊवारी, केसात अबोलीचा वळेसर, मांडीवर काठी, आणि चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलीचा.

मी भीत भीत म्हटलं, "मास्तर, डोंगर चढायचा आहे. डोलीबिली करूया का?"

उत्तर माईंनीच दिलं. "माका चवघांनी उचलून नेवचा ता येकदाच. आणि ता आज नाय!"

गाऱ्हाण्यात मास्तरांनी पाय मागितले, घोटे मागितले, बाबल्याला काटाही मागितला. शेवटचं मागणं मात्र केलं नाही. तरी आम्ही सवयीने "होय म्हाराजा" ओरडून मोकळे झालो.

डोंगराच्या पायथ्याशी ठण् ठण् झालं आणि आमची पायी गाडी सुटली. पुढे माई, मागे मास्तर, त्यांच्या मागे आम्ही सगळे. माई काठी टेकत चालल्या आणि काजू स्टॉपला एक ठोका पडला. त्या चिऱ्यावर बसल्या, पदराने तोंड पुसलं. मग वारूळ स्टॉप. मग मोठी धोंड. तिथे मी मागे वळून वारूळ स्टॉपकडे पाहिलं, पुन्हा माईंकडे पाहिलं, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. चिऱ्यापासून चिऱ्यापर्यंत अंतर तेवढंच होतं, जेवढं पडवीपासून फाटकापर्यंत. मास्तरांनी हे थांबे आमच्यासाठी कधी बसवलेच नव्हते. एवढी वर्षं आम्ही सगळी आळी मिळून माईंच्या वाटेची चाचणी घेत होतो, आणि वर कुरकुरत होतो. मला माझ्या हसण्याची लाज वाटली आणि मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. पण वाट अरुंद होती.

खिंडीच्या खाली शेवटचा चढ उभा आहे. तिथे, दोन थांब्यांच्या मधोमध, माई थांबल्या.

"माका जमाचा नाय," त्या म्हणाल्या. "तुमी जावा. मी हयच बसतंय."

बाबल्या हात द्यायला पुढे झाला, तर मास्तरांनी त्याला अडकित्त्यानेच थांबवलं. मग त्यांनी पिशवीतून घंटा काढली आणि एक ठोका दिला.

"विनंती थांबो," मास्तर म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मास्तर खाली मातीत बसले. त्यांनी माईंना शेजारी बसवलं आणि त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळू लागले. सगळ्या आळीदेखत.

"रिटायर झाल्यार पयली गाडी उन्हाळ्याच्या कुंडार, असा म्हणालेलात तुमी," माई म्हणाल्या.

"म्हणालेलंय. सगळ्या तालुक्याक हिंडवलंय गो, तुका सोडून. आता गाडी इतकी लेट झाली, आणि वायच झाली तर काय बिघडता? तू उठशीत तेवा उठ."

"आणि उठलंयच नाय तर?"

"तर हयच ठेसन करूया. चुनो आसा माझ्याकडे."

माई हसल्या. हसता हसता डोळे पुसले, काठी रोवली आणि उठल्या. दोन ठोके द्यायचं मास्तरांना सुचलंच नाही, ते आम्ही तोंडानेच दिले. "ठण् ठण्!" सगळी आळी ओरडली आणि माई त्या चढावर निघाल्या. खिंडीत पोचल्या तेव्हा बाबल्याने अशी आरोळी ठोकली की झाडीतली माकडं पळाली. वर गार वारा होता आणि खाली झाडांमधून गरम कुंडांची वाफ दिसत होती. आम्ही टाळ्या वाजवत होतो. कचेरीतला मी, कधी कुणासाठी उभा न राहणारा, शिट्टी मारत होतो.

कुंडं दोन आहेत, बायकांचं आणि पुरुषांचं, मध्ये दगडी भिंत. मास्तर यंदा पाण्यात उतरलेच नाहीत. भिंतीला पाठ लावून घंटा मांडीवर घेऊन बसले. पलीकडून बायकांचा नुसता कल्लोळ. माझी बायको नंतर सांगत होती, माई गळ्यापर्यंत पाण्यात बसून अख्ख्या आळीची खबर घेत होत्या, साठलेली सगळी.

निघायची वेळ टळून गेली. मास्तरांनी भिंतीआड हाक दिली, "झाला काय गो?"

"नाय!" आतून माईंचा आवाज आला. "वायच थांबा!"

आणि मास्तर थांबले. दोरी हातात धरून, हसत.

येताना माई सगळ्या थांब्यांवर बसल्या, फक्त धाकट्या धोंडीला बसल्या नाहीत. "हय कित्याक थांबवतात?" असं मास्तरांनाच विचारून पुढे गेल्या. उन्हं कलली तेव्हा आम्ही गाडीत होतो. मास्तर मोजायला लागले. अडकित्ता एकेका डोक्यावरून मागपर्यंत गेला, पुढे आला आणि पहिल्या सीटपाशी थांबला.

"एक कमी?" बाबल्याने मागून सवयीने विचारलं.

मास्तरांनी पुन्हा मोजलं. एका हाताने त्यांनी दांडा धरला होता, दुसऱ्या हातातली घंटा नुसती लोंबत होती. गाडीत कुणीही हसलं नाही.

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून दोरी आपल्या हातात घेतली.

"गाडी भरली," माई ड्रायव्हरला म्हणाल्या, आणि त्यांनी दोनदा घंटा मारली.