एकोणीस वैयक्तिक नावडी

एका जंगलात, बाळांनो, कुणीच कुणाचा द्वेष करत नसे. तशी पाटीच लावलेली होती.

पाटी डोहाकाठच्या जांभळीवर होती. 'या पाणवठ्यावर जातीवरून कुणालाही नाकारलं जाणार नाही.' त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'वैयक्तिक आवडनिवड ज्याची त्याची.' ओळ बारीक होती, पण सगळ्यांना पाठ तीच होती.

आता नीट मांडी घालून बसा आणि ऐका. त्या डोहात एक मगर राहायची. पाणी प्यायला मान खाली घातली की ती दिसत नाही. म्हणून तिथे राखणीची चाल होती. एकाने काठावरच्या खडकावर उभं राहून पाण्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने प्यायचं. बुडबुडे दिसले की खडकावरच्याने ओरडायचं, पिणाऱ्याने मागे उडी मारायची. मग अदलाबदल.

या चालीत पाणवठा समितीने एक सुधारणा केली होती. जातभाईने जातभाईची राखण करायची नाही. सशाची राखण मोराने करावी, मोराची रानडुकराने. अशाने सलोखा वाढतो, असं समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब सांबर सांगत. आणि तो वाढलाही होता. सकाळच्या उन्हात डोहावर जाऊन ते दृश्य पाहिलं की डोळे भरून येत.

तरसांचे डोळे जरा लांबून भरून येत. त्या जंगलात एकोणीस तरस होते आणि एकाचीही राखण करायला कुणी मिळत नसे. ते दोन कोस लांबच्या ओढ्यावर जाऊन पीत.

त्यातला एक लिंबा. त्याचा धाकटा भाऊ गेनू. आई लवकर गेली, तेव्हा लिंबानेच गेनूला वाढवलं. हाड फोडलं की आतला मऊ मगज तो गेनूपुढे सारायचा आणि म्हणायचा, "खा, मला तो आवडत नाही." त्या सगळ्या जंगलात लिंबाची नावड म्हणाल तर तेवढीच.

वैशाखात ओढा आटला. लिंबा डोहावर आला आणि एकेकाला विचारू लागला.

"तुझ्या जातीचा प्रश्नच नाही," ससा म्हणाला. "तुझं ते हसणं आहे ना, त्याने मला कसंसंच होतं. अगदी वैयक्तिक आहे हे."

लिंबाने हसणं सोडलं.

"मला तुझी चाल खटकते," मोर म्हणाला. "मागून खचल्यासारखा चालतोस. बाकी तरसांबद्दल मला आदर आहे. जंगल स्वच्छ ठेवता तुम्ही."

लिंबा पुढचे पाय वाकवून चालू लागला. त्याचे गुडघे सोलून निघाले.

"वास," रानडुक्कर म्हणालं. ते तेव्हा चिखलात लोळत होतं. "तरसांचा म्हणत नाही मी. तुझा."

लिंबा निर्गुडीच्या पाल्यात लोळून आला.

शेवटी अच्युतराव चितळ. मोठा सभ्य माणूस. म्हणजे चितळच, पण सभ्य. "लिंबा, माझे आजोबा तरसांच्या शेजारी बसायचे," ते म्हणाले. "आमच्या घरात हा विषयच नाही. पण खरं सांगू का? हल्ली तू हसत नाहीस, वाकून चालतोस, निर्गुडी लावतोस. तू मला ढोंगी वाटतोस."

गेनूला हे सगळं दिसत होतं. डोकं त्याचं तापटच. "दादा, नेमका तूच सगळ्यांना कसा आवडत नाहीस?"

"असेल बाबा माझ्यात काहीतरी."

"आणि मी?"

"तू भांडखोर आहेस."

"कोंडाकाका?"

"काका फार बोलतात."

"मावशी तर बोलतच नाही."

"तीच तर तिच्याबद्दल लोकांची तक्रार आहे," लिंबा म्हणाला. "गेन्या, लोकांना वाईट समजू नये. आपण सुधारायचं."

बाळांनो, असा शहाणा भाऊ कुणाला मिळू नये.

तिसऱ्या दिवशी लिंबाची जीभ बाहेर आली. अच्युतराव खडकावर उभे होते. सशाची राखण त्यांनी नुकतीच संपवली होती आणि उतरायच्या बेतात होते.

"अच्युतराव, तेवढे दहा घोट. तुम्ही उभेच आहात."

"गैरसमज करून घेऊ नकोस हं," अच्युतराव म्हणाले आणि खाली उतरले.

गेनू धावत खडकाकडे निघाला, तर समितीचा वानर आडवा आला. "जातभाईने राखण करायची नाही. सलोखा बिघडतो."

"तो मरेल."

"मग दुसऱ्या जातीचा कुणी आण. मी नाही म्हटलंय का?"

तोवर लिंबाने मान खाली घातली होती. जिथे वानराने गेनूला अडवलं तिथून लिंबाची पाठ दिसत होती, पाणी दिसत नव्हतं. अच्युतरावांना मात्र ते दिसत होतं. ते काठावर उभं राहून कान हलवत होते.

मग पाणी एकदा मोठ्याने वाजलं, आणि काठावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीने शोकसभा घेतली. सगळे आले. लिंबाबद्दल इतकं चांगलं बोलणं गेनूने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"काय त्याचा स्वभाव," ससा म्हणाला.

"तरस वाटायचाच नाही," मोर म्हणाला. यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

अच्युतराव तर हुंदके देत होते. "मी बुडबुडे पाहिले हो," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट पाहिले. पण माझी राखण संपली होती. अधिकार नसताना ओरडायचं कसं? रात्रभर मला झोप नाही."

गेनू उठला. दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं आणि घशात तर त्याहून कमी. "अच्युतराव," तो म्हणाला, "मला तुम्ही आवडत नाही."

सभा गार पडली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "चितळ आवडत नाहीत म्हणतोय."

त्या जंगलात पाटी लागल्यापासून असं प्रथमच घडलं होतं. तिथल्या तिथे चौकशी बसली. आप्पासाहेबांनी शिंगं सावरली.

"अच्युतराव जातीने कोण?"

"चितळ."

"लिहा," आप्पासाहेब वानराला म्हणाले. "बाकीच्या चितळांबद्दल तुझं काय मत आहे, गेनू?"

"काहीच नाही. मला त्यांची नावंही माहीत नाहीत."

"ऐकलंत? एका जंगलात राहून नावंही माहीत नाहीत. द्वेष वाढतो तो असा."

"नाव सांगायला ते आमच्याजवळ थांबतात कुठे?"

"आता सरसकट बोलायला लागला," वानर म्हणाला आणि तेही लिहून घेतलं.

गेनूचा तोल गेला. "तुम्हाला एकोणीसच्या एकोणीस तरस आवडत नाहीत. ते काय आहे मग?"

आप्पासाहेबांना राग आला नाही. ते मोठ्या मनाने समजावू लागले. "बाळ, त्यात फरक आहे. आम्ही प्रत्येकाचं वेगळं कारण दिलंय. एकाचं कारण दुसऱ्याला लावलेलं नाही. मावशीचा अबोलपणा आम्ही कोंडाच्या माथी मारला का? किती वेळ गेला आमचा त्यात. तुझ्याकडे कारणं किती आहेत?"

"एक. माझा भाऊ."

"फक्त एक," आप्पासाहेब म्हणाले.

"एकच होता," गेनू म्हणाला.

सशाने मग हळूच विचारलं, "कोवळ्या पोरांच्या डोक्यात हल्ली हे कोण भरवतं?"

आप्पासाहेब न्यायी होते. त्यांनी तोड काढली. गेनूने शब्द मागे घ्यावे. लिंबाचा पाय घसरला, असं सगळ्यांसमोर म्हणावं. त्या बदल्यात अच्युतराव आज स्वतः गेनूची राखण करतील. तरस पाणी पितोय आणि चितळ खडकावर उभं आहे, असं दृश्य या जंगलात कुणी पाहिलं नव्हतं. "पोरांना दाखवायला आणा," आप्पासाहेब म्हणाले.

अच्युतराव डोळे पुसत खडकावर चढलेसुद्धा.

गेनूला तहान होती, बाळांनो. तुम्हाला शाळेतून आल्यावर लागते तशी नाही. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं की जी असते ती. तो काठापर्यंत गेला. पाणी हिरवं आणि गार होतं. तिथे लिंबाचे पंजे चिखलात अजून उमटलेले होते. पुढचे दोन खोल, कारण वाकून चालायची सवय.

पाय घसरला म्हणायचं. चार शब्द. मग प्यायचं.

तो मान खाली घालू लागला. मान अर्ध्यात थांबली. तिला त्याने ढकलून पाहिलं, ती जाईना.

"घे ना," वरून अच्युतराव गोड आवाजात म्हणाले. "मी आहे."

गेनू मागे सरला. "नको," तो म्हणाला. "तुम्ही वर असताना मला मान खाली घालवत नाही. आणि दादाचा पाय घसरला नाही."

झालं. मोराने पिसं मिटली. डुकराने सुस्कारा सोडला. वानराने ओळ लिहून मोठ्याने वाचली, "चितळाने राखणीचा हात पुढे केला. तरसाने तो जातीवरून नाकारला." जंगलातल्या द्वेषाची ती पहिली नोंद.

अच्युतराव खडकावरून उतरले. त्यांना धरून उतरवावं लागलं, इतकं त्यांना लागलं होतं.

खडक रिकामा झाला आणि गेनू त्यावर चढला. विचार करून नाही. विचार करून त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. वानर ओरडला, नियम वाचू लागला. गेनूने तिकडे न बघता हाक मारली, "कोंडाकाका, या. प्या. मी बघतो."

कोंडाकाका आयुष्यभर बोलले होते, ते आता काही बोलले नाहीत. पुढे आले. त्यांच्या मागे मावशी, आणि तिच्या मागे बाकीचे. वानर त्यांच्या वाटेतून बाजूला झाला. एकेका तरसाला अडवायची सवय होती, सतरा जणांना एकदम कसं अडवायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"बघा," ससा म्हणाला. "शेवटी आपापल्यातच राहायचं असतं यांना."

"इतकी वर्षं मी एकेकाला पारखून घेत होतो," अच्युतराव म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "केवढी मेहनत. आज कळलं, सगळे सारखेच." आणि सगळ्यांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कारण दुखावलेल्याला धीर द्यायची त्या जंगलात चांगली पद्धत होती.

गेनूने वळून पाहिलं नाही. त्याच्या घशाला आत चिरा पडल्या होत्या, आणि त्याची पाळी सगळ्यांत शेवटी होती. कोंडाकाका मान खाली घालून पीत होते. तो पाण्याकडे बघत होता. डोळ्याची पापणीही तो हलवत नव्हता.

तात्पर्य : बाळांनो, कुठल्याही जातीचा द्वेष कधी करू नये. एकेकाचं नाव घ्यावं, प्रत्येकाला वेगळं कारण द्यावं, आणि सावकाश सगळ्यांना नाकारावं. वेळ जातो, पण पाटी शाबूत राहते. फक्त ज्याचा भाऊ गेला, त्याने कुणाचं नाव घेऊ नये. त्यालाच द्वेष म्हणतात.