पोतं उतरवा, साहेब!

गेल्या वैशाखातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी पाऊण वाजता, वारूळवाडीच्या जुन्या हिरडा वखारीत, भरल्या लग्नात गेनूतात्यांवर अन्याय झाला. गुन्हा काय? त्यांनी पोतं खाली टाकलं.

आधी वखारीचं सांगतो. डोंगरातून हिरडा यायचा आणि तात्या तो पाठीवर वाहायचे. आता वखारीचे मालक, शेठ, त्यांनी त्या दगडी भिंतींना पिवळे दिवे लावलेत, दारावर ‘हेरिटेज हॉल’ अशी पाटी ठोकलीय आणि वखार लग्नकार्याला भाड्यानं द्यायला काढलीय. हमाल तात्या व्यवस्थापक झाले, पण डोक्यातली वखार हलली नाही. वऱ्हाड उतरलं की ओरडणार, "आवक झाली!" बुकिंगला आलेल्या मुलीच्या बापाला विचारणार, "किती पोती?" म्हणजे माणसं किती. पुण्याची एखादी नवरी फोटोसाठी भिंतीला टेकली की, "ताई, सरका! हिरड्याचा डाग हाय. शालू गेला तर मी न्हाई भरून देनार."

आणि एकच अट. "हॉल तुमचा, भांडी तुमची. माईक माझा."

आपल्याकडं लग्न लागायच्या आधी पुढारी शुभाशीर्वाद देतात. नवरानवरी ताटकळत, वऱ्हाड उपाशी आणि साहेब पोचलेत पाणी योजनेवर! तात्यांचा इलाज साधा होता. पुढारी बोलायला उठला की आचाऱ्याकडचं तांदळाचं पोतं पाठीवर घ्यायचं आणि माईकच्या बटणापाशी उभं राहायचं. पाठ दमली की पोतं धप्पकन खाली, बटण बंद. "माझी पाठ टिकंल तवर बोला, राव." सरावलेले पुढारी तात्यांच्या गुडघ्यांवर नजर ठेवूनच बोलत. गुडघे थरथरले की ‘जय हिंद’.

त्या रविवारी माझ्या बहिणीचं, सुजाताचं लग्न होतं. त्रिसरण-पंचशील व्हायचं होतं, तेवढ्यात एक माजी पदाधिकारी माईकवर चढले. स्वतःच्या बालपणापासून सुरुवात. पाठीवरच्या पोत्याखाली तात्यांचा चेहरा लाल झाला. भाषण आवरा, हे त्यांनी वखारीच्या भाषेत सांगितलं.

"पोतं उतरवा, साहेब!"

साहेब हसले. "तात्या, यांच्यात मुहूर्त नसतो. घाई कशाची?"

"मुहूर्त नसंल. पोरीला भूक हाय ना!"

धप्प.

साहेबांच्या कार्यकर्त्यांनी तात्यांना दंड धरून फाटकाबाहेर काढलं. मी तात्यांच्या बाजूनं घोषणा दिल्या, पण तोवर माईक पुन्हा सुरू झाला होता. साहेबांसमोर शेठ फाटकाबाहेरच्या तात्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही."

संध्याकाळी मंचावर राहिलेली बुद्धमूर्ती आणायला मी परत गेलो. हॉल रिकामा. खुर्च्या रचून ठेवलेल्या. तात्या केरसुणी काखेत धरून माईकसमोर उभे. माईक बंदच होता.

"...सुजाता आणि जावईबापू, लई सुखात ऱ्हावा. गेनू हमालाकडून आशीर्वाद. मला लेकरूबाळ न्हाई, म्हनून..." मी दिसल्यावर थांबले.

"तात्या, तुम्हाला उद्यापासून..."

"उद्यापासून म्हनले ना! आजचं झाडायचं ऱ्हायलंय."

"हे प्रत्येक लग्नाला करता?"

"समदी गेल्यावर. माजं नाव कोन पुकारनार, भाऊ? आन मानसं उपाशी असताना मी बी बोलत बसलो, तर माज्यात आन साहेबात फरक काय ऱ्हायला?"

तेव्हापासून वखारीत लग्नं होतायत, माईक शेठच्या ताब्यात आहे आणि तात्या घरी बसून आहेत. म्हणून तुम्हाला, होय, पत्रिका छापायला निघालेल्या तुम्हालाच सांगतो. वखार घ्यायला गेलात तर शेठला तोंडावर सांगा, तात्यांना परत कामावर घ्या, नाहीतर हॉल नको. आणि लग्नाच्या दिवशी सगळी जागेवर असताना, माईक चालू असताना, शुभाशीर्वादाला पहिलं नाव गेनूतात्यांचं पुकारा.

पोतं तुम्ही धरा.