वादळवीर पडद्यामागं राहिला!

“मामी, तुम्ही नुसतं बसायचं. समजावून सांगायचं काम माझं!” असं छातीठोक सांगून त्रिंबकनं वैजापूरहून आलेल्या सासूबाईंना, म्हाळसाबाईंना, ‘वादळवीर’चा चौदावा भाग बघायला नेलं. जावई नुसता सिनेमे बघत हिंडतो, असं त्यांचं ठाम मत. ते बदलायचंच, असा याचा बेत! बायको योगिनीनं लांबूनच हात जोडले.

पहिल्या भागाला याच थिएटरात गर्दीनं दार मोडलं होतं. आज मात्र मे महिन्यातलं जायकवाडी धरण, नुसता कोरडा तळ! इकडं-तिकडं चार टाळकी, तीही मोबाईलमध्ये.

आकाश फाडून वादळवीर उतरला.

“हा कोण?”

“हिरो, मामी. मागच्या भागात मेला होता.”

“मेला होता? मग?”

“हा दुसऱ्या जगातला वादळवीर. आपलाही येईल थोड्या वेळात.”

तेवढ्यात एक निळी बाई आली आणि त्रिंबक अडखळला. ती ‘वादळवीर’च्याच मोबाईलवरच्या जोडमालिकेतली होती; नेमकी तीच बघायची राहिली होती!

मध्यंतर उलटलं आणि शेवटच्या लढाईत वादळवीराचा मित्र भाला लागून कोसळला. संगीत हुंदके द्यायला लागलं. म्हाळसाबाई पदराआड शेंगा सोलत होत्या.

“मामी, मेला ना तो!”

“येईल की पुढच्या खेपंला. मेलेलं माघारी येतंय, तर रडायचं कशापायी?”

त्रिंबकच्या वर्मी लागलं. “पहिल्या भागात असं नव्हतं!” तो ताडकन उठला. “साधा वायरमन हो तो! अंगावर वीज पडली, अंगात बळ आलं. तिकडं धरणाचा दरवाजा फुटला, तो यानं पाठीवर पेलला! समोर पुरात दोन नावा, दोन दोर. एकीत वस्तीतली लेकरं, दुसरीत त्याची माय. अन् दोर धरायला हात एकच मोकळा!”

मोबाईल विझले. माना वळल्या. दारावरचा जब्बार टॉर्च घेऊन धावत आला. “ओ भाऊ, आवाज कमी! पिक्चर चालू आहे!”

“तुम्हीच गप बसा!” सगळे ओरडले.

“मग मायचं काय झालं?” जब्बारनं हळूच विचारलं आणि पायरीवरच टेकला.

त्रिंबक कमरेत वाकला, जणू खरंच दरवाजा पाठीवर होता. जब्बारच्या टॉर्चचा उजेड त्याच्या तोंडावर. “मायनं पोराकडं बघितलं. हसली. अन् आपल्या हातानं आपल्या नावेचा दोर सोडला!”

म्हाळसाबाईंच्या हातातली शेंग हातातच! त्रिंबकच्याही अंगावर तोच जुना काटा आला. पाण्यात उभ्या त्या एकट्या माणसासमोर सगळे लहान लेकरांसारखे आ वासून बसले होते.

अन् दिवे लागले. त्रिंबकनं मागं बघितलं, तर पडद्यावर नावं सरकत होती. एकही भाग न चुकवणाऱ्या गड्याचा चौदावा भाग पाठीमागं संपला होता! शेवटी कोण जगलं, कोण मेलं, कुणालाच पत्ता नाही. कुणी विचारलंही नाही!

म्हाळसाबाईंनी डोळे पुसले. “जावईबापू, लई जीव ओतून सांगितलं हो! निस्तं मागं थेटरवाल्यांनी तो टीव्ही एवढा मोठ्यानं लावाया नको होता.”