नानांच्या डोंगरातली माझी खोली

हिर्डोशीच्या नानांनी मला फसवलं. पाण्यापासून लांबची खोली कबूल केली आणि विहिरीला लागून दिली. त्या खोलीत मी बुडून मेलो. ही खबर त्यांनी मला फोनवर दिली. कापूरहोळच्या माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी, आणि स्पीकर चालू.

"शेठ, काल तुमी वारलात. मनाला लावून घिऊ नका."

नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मुलानं पुण्याला जाताना मागं ठेवलेल्या कॉम्प्युटरवर ते एक खेळ खेळतात. बुटक्या माणसांकडून डोंगर पोखरून घ्यायचा आणि आत गाव वसवायचं. खोल्या, कोठार, विहीर, वर शत्रूसाठी खंदक. प्रत्येक बुटक्याला ते ओळखीतल्या माणसाचं नाव देतात आणि त्याची खुशाली त्या माणसाला कळवतात. भोरच्या एका वकिलांना त्यांनी भर बाजारात सांगितलं, की तुम्ही आठवडाभर दगड वाहताय पण कुरकूर नाही. वकील खूश. माझा बुटका मात्र जेवण बेचव म्हणून टेबलं मोडायचा. खऱ्या आयुष्यात मी एकच मोडलंय, आणि ते आधीच डुगडुगत होतं.

कशावरूनही विषय निघो, नानांचं पालुपद एकच: "डोंगराला इचारून खणावं."

तो कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा माझ्या दुकानात दुरुस्तीला आला. टपरीपासून दुकान मी घासाघीस करूनच उभं केलंय, फुकट काही करत नाही. दुरुस्तीच्या बदल्यात खोली मागितली. स्वयंपाकघराजवळ, गुळगुळीत दगडाची, पाण्यापासून लांब. नानांनी खूप ताणलं, पण शेवटी चहावर सौदा झाला.

आणि तरी विहिरीशेजारी! मी शटर ओढलं आणि भांडायला हिर्डोशी गाठली. नानांच्या आळीत त्यांचं एक सोडून प्रत्येक दाराला कुलूप. नाना पडद्यासमोर बसलेले, पडदा सगळा निळा.

खोली तिथं का दिली, मी विचारलं.

"माझी शेजारीच हाय," ते म्हणाले. "भांडायला कुणी जवळ नगं व्हय?"

मग त्यांनी झालेलं सांगितलं. नदीचं पाणी विहिरीत आणताना कडा फुटला. आमच्या दोन खोल्यांच्या बोळाला तेव्हाच भिंत घातली असती, तर बाकीचं गाव वाचलं असतं. नानांच्या नावाचा बुटका बोळाच्या तोंडाशी दगड घेऊन उभाही होता.

मग घातली का नाही?

"तुमी आत झोपला हुता की."

गाव बुडालं. वकील बुडाले, कोठार बुडालं, दगड धरून उभे असलेले नाना बुडाले.

आता ते नवा डोंगर खणतायत. पहिली खोली माझी, तिला लागून त्यांची, मधली भिंत पातळ. ही अट मी घातली आणि त्यांनी अजिबात न ताणता मान्य केली. पण जुनं भांडण मिटलेलं नाही. टेबलं मोडणाऱ्या एका माणसापायी अख्खं गाव बुडवलंत, ते कुठल्या डोंगराला विचारून? नाना, जाब द्या.