नको म्हणायचा तास

मळमड्डीतल्या जमखंडी सरांकडे चहा हमखास मिळतो, पण पहिल्याच वेळी घेतलात की सरांचं तोंड उतरतं. आधी तीनदा नको म्हणायचं, तेही हसत, समोरच्याचं मन न दुखवता. जमलं की दहापैकी मार्क, मग चहा. बावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर शाळेत शिकवतेय. पाचाच्या वर गेले नाही.

व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आमच्याकडे दरवर्षी होतो. सडक्या यकृताचं चित्र, हात पुढे करून प्रतिज्ञा, बिस्किटं, आणि घरी. सर मागे उभे राहून पुटपुटायचे, की दारू काय यकृताचं चित्र घेऊन येते होय, ती दोस्ताच्या हातातनं येते. म्हणून शनिवारी नववीला त्यांचा वेगळा तास. स्टीलच्या पेल्यात ताक घेऊन सर दोस्त व्हायचे. "एक घोट रे, माझ्या गळ्याची शपथ!" आग्रह असा लाघवी, की दारात उभ्या उभ्या मीच दोनदा ताक प्यायलेय. मुलांनी कानडीत म्हणायचं, "ब्याड अंद्र ब्याड", म्हणजे नको म्हणजे नको. रागावून म्हटलं की मार्क कापले. दोस्ती टिकली पाहिजे.

यंदा नव्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, या तासाचा उपयोग होतो याला पुरावा काय? न प्यायलेला पेला माणूस दाखवणार कुठून? तास बंद करायच्या आधी एकदा बघते म्हणून बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या.

त्या दिवशी सरांनी जीव तोडून आग्रह केला. समोर अळणावर गावची रेणुका. तिनं तीनदा नको म्हटलं. सरांनी गळ्याची शपथ घातली. तिनं पेला हळूच त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवला आणि मोठ्या भावाशी बोलावं तसं म्हणाली, "ब्याड, अण्णा. पण तू जाऊ नको. बस, गप्पा मारू."

सर खाली बसले ते उठेचनात. वर्ग आधी हसला, मग मुलं एकमेकांकडे बघू लागली. मुख्याध्यापिका बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या, की तास पुढच्या वर्षीही ठेवू.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि रागावलेच, की जिंकलात तरी असा चेहरा का?

"धाकट्या भावाला दारूचा पहिला पेला मीच दिला, बाई," सर म्हणाले. "माझ्या लग्नात. तीनदा नको म्हणाला. मग मी गळ्याची शपथ घातली. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यानं."

मग सरांनी विचारलं, चहा घेणार का.

मी नको म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आग्रह केला नाही.