करंगळीएवढा दोर

चौथा मजला

"लिफ्टला सहा दोर असतात. सहा! तेही पोलादी. आणि तुला एक. तोही माझ्या करंगळीएवढा."

"बाबा, लिफ्टमध्ये दहा माणसं असतात. मी एकटी."

"दोराला माणसं मोजता येत नाहीत, सूनबाई. त्याला तुटणं तेवढं कळतं."

दिवाणखान्यात दोन दोर पडले होते. एक जाड, तिच्या गिर्यारोहण मंडळाचा, बऱ्याच उतरणी बघितलेला, पण अजून ठणठणीत. दुसरा बारीक, कोरा, दुकानाचा वास न गेलेला. शनिवारी सूनबाईची टोळी एका उभ्या गुहेत उतरणार होती. डोंगरमाथ्यावर तोंड आणि तिथून सरळ खाली दोनशे मीटर, मध्ये पाय टेकायला जागा नाही. बांधणाऱ्याने लिफ्टची विहीर खणून ठेवावी आणि लिफ्ट बसवायला विसरून जावं, तशी.

सासऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. सगळी गल्ली त्यांना लिफ्टकाकाच म्हणायची. दुरुस्ती झाली की पहिली फेरी ते स्वतः मारायचे, एकटे, आणि मगच लोकांना आत सोडायचे. या गुहेत मात्र त्यांना पहिली फेरी मारता येणार नव्हती. खरं दुखणं ते होतं. बोलायला करंगळी होती.

"जाड दोर खडकाला घासला तरी लवकर दाद देत नाही, कबूल," सूनबाई म्हणाली. "पण तो डोंगरावर वाहणार कोण? बारीक हलका आहे. कुठे घासणार नाही अशी जागा बघून बांधला की झालं."

"आणि घासला तर?"

"बाबा, चहा गार होतोय."

तिसरा मजला

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बारीक दोर बादल्यांतून भिजवून पिळून काढला. नवा दोर पाण्यात आटतो. आटून झाला की मग खरी लांबी कळते.

"बाबा, सावलीत वाळत घालाल? आणि एकच सांगते. त्यावर पाय द्यायचा नाही. कुणीच, अनवाणीसुद्धा. बारीक खडी आत शिरते आणि आतल्या आत कापत बसते, बाहेरून पत्ता लागत नाही. पाय पडलेला दोर मी खाली नेत नाही. मग जाडच न्यावा लागेल."

ती कामावर गेली. शेवटचं वाक्य घरातच राहिलं.

दुसरा मजला

लिफ्टकाकांनी काम नेहमीसारखं चोख केलं. जुन्या चादरी अंथरल्या आणि दाराशी सुरुवात करून दिवाणखाना, बोळ, स्वयंपाकघर असा दोर पसरत नेला. प्रत्येक वेटोळ्यात चार बोटांचं अंतर, हवा खेळती राहावी म्हणून. शेवटचं वेटोळं त्यांनी मोठ्या समाधानाने ठेवलं, मागे सरकून स्टुलावर चढले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दार त्या टोकाला आहे.

तेवढ्यात गॅसवरचं दूध वर येऊ लागलं.

स्टुलावर ओणवं होऊन झाडूच्या दांड्याने गॅस बंद करायला तीन प्रयत्न लागले. दोन प्रयत्नांत दूध उतू गेलं, तिसऱ्यात साखरेचा डबा आडवा झाला.

मग घर शांत झालं. लिफ्टकाका खाली बघत बसले. एक अंगठा. नुसता अंगठा टेकवला की शनिवारी जाड दोर. बघायलाही कोणी नव्हतं.

त्यांनी पाय खाली सोडला. दोरापासून बोटभर अंतरावर तो बराच वेळ लटकत राहिला.

मग त्यांनी तो वर ओढून घेतला. लोक डोळे झाकून लिफ्टमध्ये पाय टाकतात ते कुणाच्या तरी भरवशावर. आणि ही पोर दोर त्यांच्या भरवशावर टाकून गेली होती.

दोन मजल्यांच्या मध्ये

"थांब! पाय टाकू नकोस!"

"कुठे, घरात?" दुपारी जेवायला आलेला मुलगा उंबऱ्यावर एका पायावर थबकला.

"घरातच. चपलांच्या कपाटावर चढ."

"बाबा, मला जेवून परत जायचंय."

"तिथेच जेव."

"जेवण तुमच्या मागे आहे!"

एक सफरचंद हवेतून कपाटावर गेलं. ओरडा ऐकून शेजारीणबाई दारात आल्या.

"काय हो, साप निघाला?"

"दोर आहे."

"मग घाबरताय कशाला?"

"घाबरत नाही, वाळवतोय."

"अगंबाई! मी पण येऊ का?" आणि त्या वयाला न शोभणारी उडी मारून सोफ्यावर पोचल्या, पाय पोटाशी घेऊन बसल्या. "याच्यावरून तुमची सून खाली जाणार? नि तुम्ही जाऊ देणार?"

"जाऊ देणारा मी कोण?"

"मग राखण कसली करताय?"



पहिला मजला

सूनबाई संध्याकाळी आली. नवरा कामाला दांडी मारून कपाटावर, सफरचंदाचं देठ धरून, शेजारीणबाई सोफ्यावर घोरत, आणि पार टोकाला स्टुलावर सासरे.

"बाबा! तुम्ही सकाळपासून तिथेच?"

उत्तर द्यायला ते वळले. पायांना मुंग्या आल्या होत्या. स्टूल हळूहळू कलंडू लागलं.

ती धावली. बुटांसकट, वेटोळ्यांवरून, सरळ. आणि सासऱ्यांनी जमीन गाठण्याआधी तिने त्यांना गाठलं.

"पाय!" लिफ्टकाका पडता पडता ओरडले. "अगं, दोरावर पाय!"

"लागलं का कुठे?"

"बूट! बुटांसकट!"

"बाबा, लागलं का ते सांगा आधी."

"मी पण धावलो असतो," कपाटावरून मुलगा म्हणाला, "पण मला परवानगी नव्हती."

सूनबाईने सासऱ्यांना उभं केलं, कोपर चाचपून बघितलं आणि मग मागे वळून चादरींवर उमटलेले स्वतःच्या बुटांचे ठसे बघितले. "गेला हा," ती म्हणाली. "आता जाडच."

लिफ्टकाका जिंकले होते. त्यांनी वाकून बारीक दोराचं एक वेटोळं उचललं, हातांनी झटकलं, फुंकर मारली.

"चांगला दोर होता गं," ते म्हणाले आणि वेटोळं होतं तसंच चार बोटांच्या अंतरावर परत ठेवलं.

तळमजला

शनिवारी टोळीत एक माणूस जास्त होता. ज्याला जाड दोर हवा त्याने तो वाहायलाही यावं, असा निकाल सूनबाईने दिला होता. आळीपाळीने पिशवी घ्यायची ठरली. लिफ्टकाकांची पाळी आली ती नेमकी चढणीला.

अर्ध्या वाटेत ते एका दगडावर बसले.

"सूनबाई."

"काय बाबा?"

"बारीक दोर तसा अगदीच वाईट नव्हता."

गुहेच्या तोंडाशी त्यांनी प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघितली. मग बूट काढून लांब ठेवले आणि दोराशेजारी मांडी घालून बसले. टोळीतला जो कोणी जवळ यायचा त्याला "पाय!" ऐकू यायचं.

"पहिली फेरी तुमची असते ना?" काठावर उभी राहून सूनबाईने विचारलं.

"आज तुझी," ते म्हणाले. "जा."

ती गेली. दोर ताणला, आणि ताणलेलाच राहिला. लिफ्टकाकांनी त्याला हात लावला नाही, नुसता तळवा जवळ धरून ठेवला. बऱ्याच वेळाने दोर सैल पडला. ते काठाशी ओणवे झाले. मग खोलवरून, घुमत, आवाज आला:

"दोर मोकळा!"

"तळमजला," लिफ्टकाका कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, टोळीला पुढे यायची खूण केली आणि बूट शोधू लागले.